दुसऱ्याच्या शंखात संसार

कोकणच्या किनाऱ्यावर शंख वेचताना एक गंमत बहुतेकांनी अनुभवली असेल. सुंदर दिसतो म्हणून उचललेला शंख तळहातावर ठेवला, की थोड्या वेळाने त्यातून पाय बाहेर येतात आणि शंख चालू लागतो. आत एक खेकडा असतो. शंख त्याने बांधलेला नाही. बांधणारी गोगलगाय कधीच मेली. तिचे घर उरले, आणि ते या खेकड्याने बळकावले. घर अंगाला लहान होऊ लागले, की तो दुसरा रिकामा शंख शोधतो.

असाच उद्योग काही मासेही करतात. मात्र त्यांच्यात आणि खेकड्यात एक मोठा फरक आहे. खेकडा घर पाठीवर घेऊन हिंडतो. माशाला ते शक्य नाही. त्याला शंखाजवळच राहावे लागते, तिथेच खावे लागते, तिथेच पिल्ले वाढवावी लागतात आणि शेजाऱ्यांशी भांडायचे तेही तिथेच. म्हणजे त्याचे सगळे आयुष्य एका रिकाम्या शंखाभोवती फूट-दोन फुटांच्या परिसरात घडते. आणि म्हणूनच ते आपल्याला घरातल्या लहानशा टाकीतही पाहता येते. गेली काही वर्षे आम्ही हे मासे घरी पाळत आहोत. आमच्याकडून झालेल्या चुकांसह ती हकिकत शिक्षकांपुढे आणि मोठ्या विद्यार्थ्यांपुढे ठेवावी, असे वाटले.

हे मासे कुठले?

हे मासे आफ्रिकेतील टांगानिका सरोवराचे रहिवासी आहेत. बुरुंडी, टांझानिया, झांबिया आणि काँगो लोकशाही प्रजासत्ताक या चार देशांच्या सीमांवर हे सरोवर पसरले आहे. लांबी सुमारे ६७० किलोमीटर, म्हणजे मुंबई ते नागपूर या सरळ अंतराच्या जवळपास. रुंदी मात्र सरासरी ५० किलोमीटर. सर्वांत खोल जागी तळ सुमारे १४७० मीटरवर आहे. खोलीत सैबेरियातील बैकलनंतर याचाच क्रमांक लागतो. पूर्व आफ्रिकेत भूकवच ताणले जाऊन जी लांबच लांब खचदरी तयार झाली, तिच्यात हे पाणी साठले आहे. तळाशी प्राणवायू नाही. त्यामुळे मासे आणि गोगलगायी फक्त वरच्या थरात आणि काठालगतच्या उथळ भागात राहतात.

या सरोवरात सिक्लिड कुळातील माशांच्या सुमारे अडीचशे जाती आहेत, आणि जवळजवळ सगळ्या जगात दुसरीकडे कुठेही आढळत नाहीत. सिक्लिड हा शब्द नवा वाटला तरी मासे आपल्या ओळखीचे आहेत. आपल्या तळ्याधरणांतून मिळणारी चिलापी याच कुळातली, आणि गोव्याच्या खाड्यांतला कालुंदरही याच कुळातला. पिल्लांची काळजी घेणे हे या कुळाचे वैशिष्ट्य.

आता शंखांकडे वळू. १८५८ मध्ये बर्टन आणि स्पीक हे इंग्रज प्रवासी या सरोवराच्या काठी पोचले. स्पीकने तिथून गोळा केलेल्या शंखांचे वर्णन पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या माशांचे घर बांधणारी गोगलगाय आहे निओथॉमा टांगानिसेन्स. आपल्याकडच्या तळ्यांत आढळणारी बेलामिया नावाची लहान गोगलगाय तिच्याच कुळातली. निओथॉमाचा शंख चार-पाच सेंटिमीटरचा, गोलसर, रुंद तोंडाचा असतो.

गोड्या पाण्यातील मेलेल्या गोगलगायीचा शंख सहसा हळूहळू विरघळून जातो, कारण तो कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. टांगानिकाच्या पाण्यात मात्र कॅल्शियम कार्बोनेट आधीच भरपूर विरघळलेले आहे आणि पाणी अल्कधर्मी आहे. त्यामुळे शंख विरघळत नाहीत. पिढ्यान्पिढ्यांचे शंख तळावर साचत जातात. काही ठिकाणी तर वाळूऐवजी शंखांचाच गालिचा पसरलेला दिसतो. म्हणजे पाण्याच्या रसायनशास्त्राने घरे टिकवली, आणि टिकलेल्या घरांत मासे राहायला आले.

घर जसे, तसा रहिवासी

शंखात राहायचे तर अंग लहान हवे. निओलॅम्प्रोलोगस मल्टिफॅसिएटस हा मासा जगातील सर्वांत लहान सिक्लिडांपैकी एक आहे. नर चार-साडेचार सेंटिमीटरचा, मादी त्याहून लहान. अंगावर बारीक उभे पट्टे असतात, म्हणून आम्ही त्याला ‘बहुपट्टी’ म्हणतो. हे मासे वसाहत करून राहतात. एक मोठा नर, काही माद्या आणि वेगवेगळ्या वयांची पिल्ले. प्रत्येक मादीचा आपला शंख ठरलेला असतो. तोंडात वाळू भरायची, बाजूला नेऊन थुंकायची, पुन्हा यायचे, असा उद्योग दिवसभर चालतो. त्यातून शंखांभोवती खळगे तयार होतात.

लॅम्प्रोलोगस ओसेलाटस या दुसऱ्या जातीची तऱ्हा निराळी. हा मासा शंख वाळूत पुरतो. खालची वाळू उकरून काढतो, शेपटीच्या फटकाऱ्यांनी वर वाळू उडवतो, आणि शेवटी फक्त शंखाचे तोंड तेवढे उघडे ठेवतो. वरून पाहणाऱ्याला वाळूत एक भोक दिसते, बाकी काही नाही.

तिसरी जात लॅम्प्रोलोगस कॅलिप्टेरस. ही घरच्या लहान टाकीतली नव्हे, पण तिच्याबद्दल वर्गात सांगायलाच हवे. या जातीत मादी शंखात मावेल एवढी लहान असते, तर नर तिच्या बारा पटींहून जास्त वजनाचा असतो. कारण नर शंखात राहत नाही, तो शंख गोळा करतो. तोंडात धरून एकेक शंख आपल्या जागेवर आणतो, प्रसंगी शेजारच्या नराचे शंखही पळवतो. माद्या त्या शंखांत येऊन अंडी घालतात आणि सुमारे दोन आठवडे आतच राहून त्यांची राखण करतात. शंख उचलण्याएवढा मोठा नर आणि शंखात शिरण्याएवढी लहान मादी, अशी दोन्ही टोके एकाच शंखाने ठरवली!

गोष्ट इथे संपत नाही. याच जातीत काही नर मुद्दामच म्हणावे इतके बुटके राहतात. ते शंख उचलत नाहीत. मादी अंडी घालत असताना तिच्या बाजूने सरपटत शंखाच्या आतल्या टोकाशी जातात आणि तिथून अंडी फलित करतात. बर्न विद्यापीठातील मिखाएल ताबोर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या माशांचा दीर्घ अभ्यास केला. नर मोठा होणार की बुटका, हे बापाकडून मुलाकडे वाय गुणसूत्रावरून जाते, असे त्यांनी २०१४ मध्ये दाखवून दिले. मेंडेलच्या वाटाण्यांना जोडून सांगायला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

आमची पहिली चूक

इतके वाचून झाल्यावर आम्ही उत्साहाने टाकी मांडली. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद, ३० उंच. वाळू घातली, शंख मांडले, पुस्तकात वाचले होते त्याप्रमाणे पाणी अल्कधर्मी केले आणि दुसऱ्याच दिवशी बहुपट्टीची सहा पिल्ले आणून सोडली. आठवड्याच्या आत चार मेली. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसत होते. माशांच्या अंगावर रोगाची खूण नव्हती. मग ती मेली कशाने?

उत्तर आपण दरवर्षी शिकवतो त्या नायट्रोजन चक्रात होते. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले अन्न कुजूनही अमोनिया तयार होतो. जुन्या टाकीत वाळूवर आणि गाळणीच्या स्पंजवर जिवाणू वाढलेले असतात. त्यांपैकी काही अमोनियाचे नायट्राइट करतात, काही नायट्राइटचे नायट्रेट. पाठ्यपुस्तकात दुसऱ्या पायरीसाठी नायट्रोबॅक्टरचे नाव असते. मत्स्यालयांत हे काम मुख्यत्वे नायट्रोस्पायरा करतात असे आता आढळले आहे. नायट्राइट विषारी, नायट्रेट त्यामानाने बरेच निरुपद्रवी. आमच्या नव्या टाकीत हे कामगार अजून आलेच नव्हते.

परंतु नव्या टाकीत इतर मासे कधी कधी तग धरतात. हेच का मेले? इथे सामूचा, म्हणजे प्रयोगशाळेतल्या पीएचचा संबंध येतो. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक अमोनियम आयन, हा फारसा घातक नाही. दुसरा मुक्त अमोनिया, हा कल्ल्यांतून थेट रक्तात शिरतो. सामू वाढला की आयन कमी होतो आणि मुक्त अमोनिया वाढतो. २५ अंश सेल्सिअस तापमानाला मुक्त अमोनियाचे प्रमाण साधारण असे असते:

सामू ७ : शेकडा ०.६
सामू ८ : शेकडा ५
सामू ८.५ : शेकडा १५
सामू ९ : शेकडा ३६

आमच्या टाकीचा सामू साडेआठ होता. म्हणजे उदासीन पाण्याच्या तुलनेत तेवढ्याच घाणीत सुमारे पंचवीसपट विष! माशांना त्यांच्या देशाचे पाणी द्यायचे म्हणून आम्ही सामू वाढवला, आणि त्याच पाण्याने ते मेले. सरोवरात हा प्रश्न येत नाही, कारण तिथे पाणी अफाट आणि जिवाणू लाखो वर्षांचे. आमच्याकडे होते चाळीस लिटर पाणी आणि एक दिवसाची वाळू.

हा हिशेब आम्हाला अमोनियम आयनाच्या समतोलाचा धडा शिकवताना माहीत होता. टाकीपुढे उभे राहिल्यावर तो आठवला नाही. चार मासे गेल्यावर आठवला. जिवंत प्राणी घरात किंवा वर्गात आणताना आधी रसायनशास्त्र आणि मग प्राणिशास्त्र, हा क्रम आम्ही तेव्हापासून पाळतो.

टाकी मांडताना

वर सांगितलेल्या मापाची टाकी पुरेशी आहे. पाच सेंटिमीटर जाडीचा वाळूचा थर द्यावा. ६० गुणिले ३० गुणिले ५, म्हणजे नऊ लिटर वाळू. तिचे वजन सुमारे चौदा किलो भरते. पाणी चाळीस लिटर, शिवाय काच. टेबल मजबूत हवे हे सांगायला नको. वाळू रव्याएवढी बारीक असावी. खडे मोठे असतील तर एवढ्याशा तोंडात ते मावणार कसे? वाळू पाणी नितळ होईपर्यंत धुवावी.

निओथॉमाचे शंख आपल्याकडे सहज मिळत नाहीत. पण त्यांवाचून अडत नाही. भातखाचरांत आणि तळ्यांच्या काठी पायला या मोठ्या गोगलगायीचे रिकामे शंख सापडतात. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ही गोगलगाय विच्छेदनामुळे परिचयाची असते. चार-पाच सेंटिमीटरचे, न फुटलेले शंख निवडावेत. शंखासाठी जिवंत गोगलगाय मारू नये. शंख पाण्यात उकळावेत, ब्रशने घासावेत आणि आठवडाभर रोज पाणी बदलत भिजत ठेवावेत. वास घेऊन पाहावा. थोडाही कुजका वास आला तर आत मांस उरले आहे असे समजून पुन्हा उकळावा. रंगवलेले किंवा चमक दिलेले शोभेचे शंख वापरू नयेत. शंखांची संख्या माशांच्या तिप्पट तरी असावी. सहा माशांना अठरा-वीस शंख.

पाणी कठीण हवे, म्हणजे ज्यात साबणाला लवकर फेस येत नाही असे. पुष्कळ ठिकाणी बोअरचे पाणी असे असते. ते या माशांना मानवते. नळाचे पाणी असेल तर त्यातील क्लोरीन आधी घालवावा. फोटोग्राफीत वापरतात तो हायपो यासाठी चालतो, आणि माशांच्या दुकानांत तो द्रावणाच्या रूपातही मिळतो. पाणी मृदू असेल तर वाळूत शिंपल्यांचा चुरा मिसळावा. सामू ८ च्या आसपास स्थिर राहिला तरी पुरे. आकडा गाठण्यापेक्षा तो रोज खालीवर न होणे महत्त्वाचे.

साधी स्पंजची गाळणी हवेच्या पंपावर चालवावी. मासे आणण्याआधी टाकी चार ते सहा आठवडे चालू ठेवावी. या काळात रोज चिमटीभर माशांचे अन्न टाकावे, म्हणजे ते कुजून जिवाणूंना अमोनिया मिळतो. ओळखीच्या कुणाच्या जुन्या, निरोगी टाकीतला स्पंज मिळाला तर काम लवकर होते. तपासणी संचाने अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दाखवले आणि नायट्रेट दिसू लागले, की टाकी तयार झाली.

तापमान २४ ते २७ अंश ठेवावे. आपल्या उन्हाळ्यात ते वर जाते. २५ अंशांना एका लिटर पाण्यात सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना ७.५. म्हणून टाकी उन्हात ठेवू नये आणि उन्हाळ्यात हवेचा पंप बंद पडू देऊ नये. वीज जात असेल तर बॅटरीवर चालणारा पंप जवळ ठेवावा. अन्न दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच, बारीक चुरून द्यावे. सुटीत चार दिवस उपाशी राहिले तरी मोठे मासे मरत नाहीत. शेजाऱ्याने प्रेमाने मूठभर खाणे टाकले तर मात्र मरतात. आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे. मासे घ्यायचे ते मत्स्यालयात पैदास झालेले घ्यावेत.

काय पाहावे, कसे मोजावे?

मासे रुळायला दोन-तीन आठवडे लागतात. एके सकाळी आपण सपाट केलेल्या वाळूत खळगे आणि टेकड्या दिसतात. समजावे, की रहिवाशांनी घर ताब्यात घेतले. काही महिन्यांनी एखाद्या शंखाच्या तोंडाशी तांदळाच्या कणीएवढी पिल्ले हलताना दिसतील. अंडी घालण्याचा प्रकार बाहेरून दिसत नाही. मादी शंखाचे तोंड सोडत नाही, पंख हलवून आत पाणी खेळवते आणि जवळ येणाऱ्यावर धावून जाते, एवढ्यावरूनच ते ओळखायचे.

इथे शिक्षकाचे खरे काम सुरू होते. ‘मासा किती हुशार आहे!’ असे मुले म्हणतात. त्यात चूक काही नाही, पण त्याने पुढे जाता येत नाही. जे मोजता येईल असा प्रश्न त्यांच्याकडून काढून घ्यावा. आमच्याकडे येणाऱ्या नववीच्या एका मुलीने विचारले, “मासा शंखात तोंडाने आधी शिरतो की शेपटीने?” आम्हाला सांगता आले नाही. तिने आठवडाभर रोज पंधरा मिनिटे बसून नोंदी केल्या. घाबरून शिरताना एक खूण, आपणहून शिरताना दुसरी. तिचा तक्ता अजून आमच्याकडे आहे. तिला काय आढळले ते इथे लिहीत नाही. वाचकांनी आपल्या टाकीत स्वतः पाहावे.

आणखी काही प्रश्न असे. दहा मिनिटांत एक मासा किती वेळा वाळू उचलतो, आणि सकाळी व संध्याकाळी त्यात फरक पडतो का? दोन मापांचे शंख सारख्याच संख्येने ठेवले तर मादी कोणता घेते? शेजारी किती अंतरावर आला की मालक धावून जातो? एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि बदलाआधीच्या आठवड्याच्या नोंदी तुलनेसाठी ठेवाव्यात. एक पथ्य मात्र पाळावे. जास्तीचे शंख घालून पाहायला हरकत नाही, पण भांडणे पाहायची म्हणून शंख काढून घेऊ नयेत. सरोवरात हुसकलेला मासा दूर जाऊ शकतो. टाकीत त्याला जायला जागाच नसते.

शंख विरघळण्याचा प्रयोग टाकीबाहेर करता येतो. फुटक्या शंखावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाकावे. बुडबुडे येतात, ते कार्बन डायऑक्साइडचे. टांगानिकाचे पाणी आम्लधर्मी असते तर शंखांचे गालिचे साचले नसते आणि हे मासे असे घडले नसते, एवढे सांगायला हे बुडबुडे पुरतात.

शेवटी

पिल्ले वाढतात आणि टाकी भरते. मग काही मासे तळ्यात किंवा विहिरीत सोडून देण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. आफ्रिकेतील चिलापी १९५२ मध्ये भारतात आणली गेली; तिने पुढे किती तळी व्यापली हे कोणत्याही मासळी बाजारात दिसते. जास्तीचे मासे दुसऱ्या शाळेला द्यावेत, सोबत जुन्या स्पंजचा एक तुकडाही द्यावा. आमच्यासारखी चूक त्यांच्याकडून होणार नाही.

मूळ सरोवरातही सारे आलबेल नाही. गेल्या शतकात पाणी तापले आहे. वरचे गरम पाणी आणि खालचे थंड पाणी पूर्वीइतके मिसळत नाही, आणि तळावरचा प्राणवायू असलेला पट्टा आक्रसतो आहे. काठावरची जंगले तुटली तिथून माती वाहून येते आणि तळावर बसते. शंखावर गाळ बसला तर घर आहे आणि नाहीही. उकरून काढणाऱ्या माशाचे तोंड केवढेसे, हे आपण टाकीत पाहिलेलेच असते.

सरोवरात घर गोगलगाय बांधते आणि पाणी ते टिकवते. आपल्या टाकीत शंख आपण मोजून ठेवतो, पाणी आपण बनवतो, जिवाणू आपण वाढवतो. त्यामुळे प्रयोग आपल्या हाती येतो, आणि त्याची जबाबदारीही. मुलांना आम्ही ती पहिल्याच दिवशी सांगतो, आणि टाकीशेजारच्या वहीत आमच्या त्या पहिल्या चार माशांची नोंदही त्यांना दाखवतो.